नोंद घेतली, पण विचारलं का?



काही वर्षांपूर्वी नोकरीच्या निमित्तानं मी एका गावात भाड्याच्या घरात राहत होतो. गावाचं नाव सांगत नाही. ही गोष्ट कुठल्याही गावाची असू शकते. आमच्या गल्लीत पावसाळ्यात घोटाभर पाणी साचायचं. मी बी.ए. झालेला, त्यात कविता करणारा. तेव्हा अर्ज लिहिण्याची कामगिरी शेजाऱ्यांनी माझ्यावर सोपवली. मीही मन लावून अर्ज लिहिला. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं : ‘आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे.’

पुढं एक दिवस मजूर आले आणि सिमेंटची नवी नाली झाली. आम्ही खूश झालो. पहिला मोठा पाऊस आला आणि पाणी पुन्हा आमच्याच दारात! शेजारच्या मावशी म्हणाल्या, “उतार तर तिकडं आहे न भाऊ! नाली खोदत होते तेव्हा आम्ही बाया दारातच उभ्या होतो. एकानं तरी विचारलं का?”

पैसा खर्च झाला होता, बिल निघालं असणार, माझ्या अर्जाचा कागदही कुठल्याशा फायलीत नीट लागला असेल. पण रोज ते पाणी झाडूनं लोटणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. मुशायऱ्यात श्रोता ‘मुकर्रर’ म्हणतो तेव्हा शायर तो शेर पुन्हा म्हणतो. म्हणजे श्रोत्याच्या शब्दानं काहीतरी घडतं. कारभारातही रहिवाशाच्या शब्दानं काही घडलं, तरच त्याचं म्हणणं ऐकलं असं म्हणता येईल. नुसती नोंद घेऊन ते होत नाही.

आता आपल्या भागाकडं वळू. चंद्रपूरहून गडचिरोलीला जा आणि तिथून धानोऱ्याचा रस्ता धरा. वाटेत मेंढा (लेखा) हे साधारण शंभर घरांचं गोंड गाव लागतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आता देशभर माहीत आहे. पण घोषणेपेक्षा त्यांची बसण्याची रीत मला मोलाची वाटते. तिथं ग्रामसभेत बहुमतानं निर्णय होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एखाद्याचं मन मानत नसेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. आणि बैठकीआधी अभ्यास होतो. गावातली आणि बाहेरची माणसं अभ्यासगटात बसून कायदा काय म्हणतो, जंगल किती, हिशेब काय, हे समजून घेतात. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत कित्येक वर्षं जपली.

तिचं फळ काय मिळालं? 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्या दिवशी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात आले होते. सरकार गावापर्यंत चालत आलं, कारण गाव आधी एकत्र बसलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, शंभर घरांचं गाव कुठं आणि तीन लाखांवर वस्तीचं चंद्रपूर शहर कुठं! प्रश्न रास्त आहे. शहरात भाषा वेगळ्या, जाती-धर्म वेगळे, भाडेकरूही फार. कोळसा खाणीत राबणारा आज इथं, उद्या वणीला. पण शहरसुद्धा शेवटी शंभर-शंभर घरांच्या गल्ल्यांचंच बनलेलं असतं. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर ज्या तुंबलेल्या नालीबद्दल बोलणं होतं, तिच्याबद्दलच गणेश मंडळाच्या मांडवातही होतं. फक्त ही दोन बोलणी एका जागी होत नाहीत.

आणि शहरातली माणसं एकत्र येतात, हे आपण पाहिलेलं आहे. आपल्या शहराभोवती गोंडराजांनी बांधलेला सुमारे 11 किलोमीटरचा परकोट आहे. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा ही दारं आपण रोज ओलांडतो. पण तटावर झाडंझुडपं माजली होती, बुरूज कचऱ्यात बुडाले होते. मार्च 2017 मध्ये बंडू धोतरे यांच्या इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी हाती कुदळ-फावडं घेतलं आणि पहाटे पहाटे सफाई सुरू केली. शेकडो दिवस ते काम चाललं. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला, त्यामुळं त्या खात्याच्या संमतीनंच ते व्हायला हवं होतं आणि तसंच ते झालं. पुढं त्याच तटावरून लोकांना इतिहास सांगत फिरवणं सुरू झालं. ज्या बुरुजाकडं आपण पाठ फिरवली होती, तिथं आपण मुलांना घेऊन जाऊ लागलो.

मात्र, श्रमदानाला माणसं बोलवायची आणि निर्णयाला बोलवायचं नाही, हे बरोबर नाही. झाडू मारायला नागरिक हवा, तर अंदाजपत्रक मांडताना का नको? राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीनं तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. 2011 च्या जनगणनेत चंद्रपूरनं ती मर्यादा ओलांडली आणि त्याच वर्षी इथं महानगरपालिका झाली. 2009 साली राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची कल्पनाही आली. मतदारांनी आपल्या भागापुरतं एकत्र बसावं, असा तिचा अर्थ. पण बहुतेक शहरांत ती कागदावरून गल्लीत उतरली नाही. त्यात 2022 साली आपल्या महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक व्हायला 2026 उजाडलं. मधला सारा काळ प्रशासकाचा गेला. नगरसेवक नसताना गाऱ्हाणं कुणाच्या दारी न्यायचं, हा प्रश्न तेव्हा आपल्याला चांगलाच जाणवला.

मग करायचं काय? पुण्यात 2006 पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात : पदपथ, दिवे, बसथांबा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं 1989 साली याहून मोठं पाऊल टाकलं. वस्तीवस्तीत सभा घेऊन पैसा आधी कशावर खर्च करायचा, हे लोकच ठरवू लागले. पुढं राजकीय पाठबळ आटलं, तशी ती प्रथाही क्षीण झाली. रीत एकदा पाडली की आपोआप टिकते, असं नाही.

आपल्याकडं सुरुवात लहान असावी. प्रत्येक प्रभागासाठी थोडीशी रक्कम बाजूला काढावी आणि ती आधी जाहीर करावी. किती पैसा आहे हे कळलं, की माणूस मागणी करणं सोडून निवड करू लागतो. सभा कार्यालयात सकाळी अकराला नको. गल्लीत, संध्याकाळी, मजुरीवरून माणसं परतल्यावर आणि बायांचा स्वयंपाक उरकल्यावर घ्यावी. घरटी एक बाई आणि एक पुरुष यावा, ही मेंढ्याची रीत इथंही शोभेल. मागणी मान्य होणार नसेल, तर कारण साध्या मराठीत सांगावं. आणि कामाचं शेवटचं बिल निघण्याआधी त्या गल्लीतल्या चार माणसांना विचारावं : काम झालं का?

आपल्या बाजूनंही काही देणं आहे. कर वेळेवर भरणं आणि नालीत प्लास्टिक न टाकणं तर आहेच. त्याहून अवघड आहे ते ज्याच्याशी आपलं पटत नाही, त्या शेजाऱ्याच्या बाजूला सतरंजीवर बसणं. दुकानदाराला गाडी उभी करायला जागा हवी असते, पायी चालणाऱ्याला वाट. दोघंही खरं बोलत असतात. त्यांना समोरासमोर बसवल्याशिवाय तोडगा निघत नाही.

जुलै 2022 मध्ये इरईचं पाणी आपल्या सखल वस्त्यांमध्ये शिरलं. घरंदारं सोडून माणसांना बाहेर पडावं लागलं. पाणी कुठून येतं, आधी कोणाच्या उंबऱ्याला लागतं, अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस कुठल्या घरात आहे, हे तिथल्या बायांना तोंडपाठ असतं. पुढच्या पावसाळ्याचा आराखडा करताना त्यांना आधी विचारलं, तर माणसं वेळेवर बाहेर निघतील. नाही विचारलं, तर पूर ओसरल्यावर पंचनामा करणारा येईल आणि नोंद घेऊन जाईल.

ते गाव सोडून मला आता बरीच वर्षं झाली. पण कुठंही नवी नाली खोदताना दिसली, की मी आधी उताराकडं बघतो. मग दारात कोणी बाई उभी आहे का, ते बघतो. खोदणाऱ्या माणसानं मान वर करून तिला एवढंच विचारावं, असं मला फार वाटतं : “मावशी, पाणी कुठून जातं?”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)