सहभागाची मोजदाद

लोणार सरोवराविषयी किंवा जिजाऊंच्या सिंदखेडराजाविषयी मराठी विकिपीडियावर जो कोणी एखादी ओळ लिहितो अथवा चुकलेले वर्ष दुरुस्त करतो, त्याच्या त्या कृतीची तारीखवार नोंद त्या पानाच्या इतिहासात राहते. आणि १ मे २००३ रोजी आरंभ झालेल्या या ज्ञानकोशातील सदस्यांच्या सहभागाची मोजदाद नोंदींच्या याच दप्तरावर चालते. गेल्या ३० दिवसांत एखादी तरी कृती करणाऱ्यास तेथे सक्रिय सदस्य गणतात. विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या सांख्यिकीत मात्र महिन्याला किमान ५ संपादनांची अट असते.

परंतु केवळ संपादनांच्या संख्येवरून सदस्याचे मोल ठरविणे मला अन्यायाचे वाटते. कारण एक स्वल्पविराम बदलणे आणि लोणारच्या बेसाल्ट खडकातील उल्कापाती विवराचा ससंदर्भ वृत्तान्त सिद्ध करणे, ही दोन्ही कामे त्या हिशेबात एकेक संपादनच ठरतात. म्हणून घातलेली भर किती काळ टिकली आणि चर्चापानावर इतरांच्या शंकांचे निरसन कोणी केले, हेही पाहणे अगत्याचे आहे. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांच्या २००६ सालच्या ठोकताळ्यानुसार अशा ऑनलाइन समूहातील १०० जणांपैकी ९० केवळ वाचतात, ९ अधूनमधून लिहितात आणि बहुतांश भार एकटा वाहतो. त्या ९० जणांत मोडणाऱ्या, बुलढाणा जिल्ह्यातील चिखली-मेहकरच्या वाचक विद्यार्थ्याची गणना सक्रिय सदस्यांत होत नसली, तरी पानाच्या वाचनसंख्येत ती अवश्य होते.