जमा, नावे आणि शिल्लक : पासबुकातली बेरीज



आज आपण शाळेतली एक बेरीज पुन्हा करणार आहोत. गणित म्हटलं की घाबरू नका; ही बेरीज तुमच्या पासबुकात नेहमीच होत असते.

शाळेत आपण धन संख्या आणि ऋण संख्या शिकलो. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात बेरजेचे नियम याच शब्दांत मांडले. दोन धनांची बेरीज धन. दोन ऋणांची बेरीज ऋण. एक धन आणि एक ऋण असेल, तर मोठ्या रकमेतून लहान वजा करायची आणि उत्तराला मोठ्या रकमेचं चिन्ह द्यायचं. पासबुकात ‘जमा’ हे धन आणि ‘नावे’ हे ऋण.

उदाहरणादाखल मे महिन्यातलं एक खातं पाहू.

आधीची शिल्लक : + ६१२.५०
मजुरी जमा : + २५०.००
एटीएममधून काढले : − ४००.००
एसएमएस शुल्क, जीएसटीसह : − १७.७०

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विम्याचे दोन हप्ते कापले जाणार आहेत : सुरक्षा विमा योजनेचे २० रुपये आणि जीवन ज्योती विमा योजनेचे ४३६ रुपये. पैसे पुरतील का?

आधी सगळे धन एकत्र करा : ८६२.५०. मग सगळे ऋण एकत्र करा : ८७३.७०. ऋण मोठं आहे. फरक ११.२०, म्हणून उत्तर उणे ११.२०.

इथे एक चूक हमखास होते. ६१२.५ असं लिहिलं की काही जण ‘सहाशे बारा रुपये पाच पैसे’ वाचतात. ते पन्नास पैसे आहेत. रुपयाचे शंभर पैसे, हाच आपला समान छेद. म्हणून दशांश चिन्हापुढे नेहमी दोन अंक लिहा आणि चिन्हाखाली चिन्ह मांडा.

आता या उणे ११.२० चा अर्थ काय? बँक तेवढे पैसे उसने देईल, असा नाही. दोनपैकी एक हप्ता कापला जाईल, दुसरा राहून जाईल. या योजनांचं वर्ष १ जून ते ३१ मे असं असतं. राहिलेल्या हप्त्याचं संरक्षण ३१ मेला संपेल. पुढे घरावर प्रसंग आला, तर त्या योजनेचे दोन लाख रुपये कुटुंबाला मिळणार नाहीत. तेही अकरा रुपये वीस पैसे कमी पडले म्हणून!

तेव्हा एवढंच करा. मेच्या मध्याला पासबुक भरून घ्या. पुढे कापल्या जाणाऱ्या रकमाही ऋणात धरा आणि बेरीज करा. उत्तर उणे आलं, तर तेवढी रक्कम, आणि वर थोडी जास्तच, वेळेआधी भरा. हप्ता कापल्याची नोंद पासबुकात पाहिल्याशिवाय निश्चिंत होऊ नका.