रूटचा पासवर्ड : एक अमानत
(वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या संगणक कक्षात लिनक्स आले आहे, तेव्हा त्याविषयी चार शब्द सांगावेत अशी संस्थेची आज्ञा झाली. मी विषय निवडला आहे तो लहानसा, पण त्यावाचून लिनक्सची ओळख पुरी होत नाही. संगणकात नवा प्रोग्रॅम बसवू लागले की तो मध्येच थांबतो आणि परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड मागतो. मुले विचारतात, "सर, आत शिरताना पासवर्ड दिला होता ना? मग पुन्हा कशाला?" प्रश्न अगदी योग्य आहे.

मालाडच्या वस्त्यांतून पालिकेचा चावीवाला आपण पाहतो. घरातला नळ ज्याचा त्याचा. तो केव्हा सोडावा, केव्हा बंद करावा, हे कोणी विचारत नाही. पण रस्त्याखालचा व्हॉल्व्ह चावीवाल्यानेच फिरवायचा. आपला नळ चुकून उघडा राहिला तर आपली मोरी भरेल. व्हॉल्व्ह चुकला तर सारी गल्ली कोरडी राहील. लिनक्समध्ये नेमकी हीच व्यवस्था आहे. प्रत्येकाला स्वतःचा कप्पा असतो. त्यात त्याने लिहावे, पुसावे, मांडावे. मात्र सर्वांच्या उपयोगाच्या फायली, नवे प्रोग्रॅम, नवी खाती यांना हात लावण्याचा अधिकार एकाच खात्याला असतो. त्या खात्याचे नाव रूट. संगणकाच्या हिशेबी प्रत्येक खात्याला क्रमांक असतो आणि रूटचा क्रमांक शून्य. रूटने हुकूम दिला की एरवीची मनाई त्याला लागू होत नाही. सगळे पुसून टाक म्हटले, तर तेही होऊ शकते.

ही पद्धत कोठून आली? 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. त्या काळी संगणक महाग. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायचे. तेव्हा एकाची चूक दुसऱ्याला भोवू नये, ही काळजी घेणे भाग होते. पुढे 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो जगाला खुला केला. आपल्या उपनगरांनाही ही विद्या परकी नाही. 1986 साली सुरू झालेल्या अर्नेट या संगणक-जाळ्यात जुहूची एन.सी.एस.टी. आणि पवईची आय.आय.टी. या दोन्ही संस्था होत्या. पवईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरील पाठ तर आज मराठीतूनही ऐकता येतात.

आता पासवर्ड ठेवला जातो कसा, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की संगणकात कोठेतरी यादी असते आणि रूटला ती वाचता येते. तसे नाही. पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून त्याचा एक ठसा काढतात आणि तेवढाच 'शॅडो' नावाच्या फायलीत ठेवतात. पीठ पाहून गहू पुन्हा उभा करता येत नाही, तसा ठशावरून पासवर्ड उलट काढता येत नाही. म्हणून विसरलेला पासवर्ड रूटसुद्धा सांगू शकत नाही. नवा देऊ शकतो. मुलांनो, यातून एक गोष्ट गाठीला बांधा. जो खरोखर व्यवस्थापक आहे, त्याला तुमचा पासवर्ड विचारण्याची गरजच नसते. विचारणारा भेटला तर सांगू नका.

मात्र पासवर्डच दुबळा असेल, तर चोर एकेक शब्द घेऊन त्याचा ठसा काढतो आणि जुळवून पाहतो. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी 1979 साली 3,289 पासवर्ड तपासले. त्यांपैकी 2,831, म्हणजे शेकडा 86, अगदी आखूड, साधे किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले! यंत्रे बदलली, माणसाचा आळस बदलला नाही. स्वतःचे नाव, जन्मसाल, शाळेचे नाव हे पासवर्ड नव्हेत. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तर पासवर्ड लांबही होतो आणि लक्षातही राहतो.

आता मुलांच्या प्रश्नाचे उत्तर. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात 'सुडो' नावाचा छोटा प्रोग्रॅम तयार झाला. ज्याला परवानगी आहे त्याने आपलाच पासवर्ड द्यावा, एका कामापुरता रूटचा अधिकार घ्यावा आणि काम होताच परत सामान्य व्हावे, अशी ही रीत. 2004 साली आलेल्या उबुंटूने तर रूटचे खाते मुळातच कुलूपबंद ठेवले आणि हीच रीत पुढे केली. तो दुसऱ्यांदा मागितलेला पासवर्ड म्हणजे एक सूचना असते : आता तुम्ही व्हॉल्व्हला हात घालत आहात, क्षणभर थांबा. शिवाय कोणी, केव्हा, कोणता हुकूम दिला याची नोंद राहते. सगळेच रूट म्हणून शिरले, तर नोंदीत नुसते 'रूट' उरते. माणूस सापडत नाही.

येथे आपल्या संस्थेचा प्रश्न येतो. संगणकात मुलांचे गुण असतात, दाखल्यांचे मजकूर असतात. पासवर्ड एकाच शिक्षकाला ठाऊक असेल आणि ते बदलून गेले, तर काम अडते. उलट तो फळ्यावर खडूने लिहिला, तर कुलूप असून नसल्यासारखे. म्हणून माझी सूचना अशी : दोन किंवा तीन जबाबदार व्यक्तींना त्यांच्या स्वतःच्या नावाने सुडोचा अधिकार द्यावा. कोणी संस्था सोडली की त्याच दिवशी तो काढावा. डिस्क संकेतबद्ध केली असेल, तर तिचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात कपाटात ठेवावा. तो हरवला तर आतील माहिती परत मिळत नाही. डिस्क तशी केलेली नसेल, तर यंत्रासमोर बसलेला जाणकार दुरुस्तीच्या मार्गाने शिरून रूटचा पासवर्ड बदलू शकतो. तेव्हा कक्षाच्या दाराचे कुलूपही तितकेच महत्त्वाचे.

आणि एक विनंती. एक जुना संगणक, ज्यात कोणाचाही महत्त्वाचा कागद नाही, असा मुलामुलींच्या स्वाधीन करा. त्याचे रूट त्यांना होऊ द्या. ते तो बिघडवतील, पुन्हा बसवतील आणि शिकतील. अधिकार हातात आल्यावाचून जबाबदारी कळत नाही.

उर्दूत आपण अमानत म्हणतो. मराठीत तोच शब्द अनामत होऊन ग्रंथालयाच्या पावतीवर बसला आहे. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने सांभाळणे, हा दोहोंचा अर्थ. रूटचा पासवर्ड ही तशीच सर्वांची ठेव आहे. ज्याच्या हाती ती असेल, त्याने ती कमीत कमी वापरावी आणि विचारल्यास हिशेब द्यावा.