महिना ‘लागला’ की ‘भरला’?
गर्भावस्थेच्या टप्प्यांचे घरगुती गणित

(परभणी जिल्ह्यातील एका मातृमेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश.)



घरातील सून गर्भवती आहे हे कळताच शेजारपाजारची पहिली पृच्छा असते, “कितवा महिना?” उत्तर येते, “सातवा.” विचारणारीचे समाधान होते, पण वैद्यकाच्या दृष्टीने हे उत्तर अपुरे आहे. सातवा लागला, की सात भरले? लागला असेल, तर सहा महिने पूर्ण झालेले असतात. भरले असतील, तर सात. दोहोंत तब्बल तीस दिवसांचे अंतर पडते. अचानक कळा सुरू झाल्या, तर याच तीस दिवसांवर बाळाला श्वास घेता येईल की नाही हे ठरू शकते. म्हणून गर्भावस्थेचा कोणता टप्पा केव्हा सुरू होतो, हे गणित घरातील प्रत्येकाला आले पाहिजे. ते अवघड नाही. त्यासाठी एकच तारीख अचूक ठाऊक असावी लागते.

परंपरेची दृष्टी

टप्प्यांचा हा विचार आपल्याला नवा नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाच्या वाढीचे मासानुमासिक वर्णन आहे. सुश्रुताने चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते असे सांगून गर्भिणीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले. आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्याच दौहृदाशी नाते सांगतो. आपल्या आयाबायांनीही दोन खुणा रोवून ठेवल्या आहेत. तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता भरली जाणारी चोरओटी, आणि सातव्यात थाटाने होणारे डोहाळजेवण. गर्भपाताचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. ते सरेपर्यंत वाच्यता नको, हा चोरओटीमागील व्यवहार. आधुनिक वैद्यक ज्या तीन तिमाही मानते, त्यांच्या सीमारेषा या दोन विधींच्या जवळपासच येतात. उणीव असते ती नेमक्या तारखेची.

मोजणी कोठून करावी?

गर्भधारणा कोणत्या दिवशी झाली हे सहसा सांगता येत नाही. पाळीचा पहिला दिवस मात्र सांगता येतो. म्हणून जगभर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासूनच मोजणी होते आणि तेथून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, धरले जातात. प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. त्यामुळे डॉक्टर ‘आठ आठवडे’ म्हणतात तेव्हा गर्भाचे वय सहा आठवड्यांचे असते. अनेक घरांत या दोन आठवड्यांवरून अकारण गैरसमज होतात. ते होऊ नयेत म्हणून हे स्पष्ट सांगितले.

प्रसूतीची संभाव्य तारीख काढण्याची रीत जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखली जाते. पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवावेत. आपल्याकडील ‘नऊ महिने नऊ दिवस’ त्याच्या किती निकट आहेत, पाहा! हा नियम २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीसाठी आहे. पाळी नियमितपणे ३५ दिवसांनी येत असेल, तर तारीख सात दिवस पुढे न्यावी.

मृगापासून होळीपर्यंत

आपण शेतकरी मुलखातील माणसे. तेव्हा उदाहरण मृगाचे घेऊ. समजा, शेवटची पाळी ७ जूनला आली. गर्भधारणा २१ जूनच्या सुमारास होईल. पाळी चुकल्याचे ५ जुलैला लक्षात येईल, आणि त्या दिवशी मोजणीने चार आठवडे पूर्ण झालेले असतील! बाळाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नळी १९ जुलैपर्यंत मिटून जाते. अनेक घरांत तोवर डॉक्टरांकडे जाण्याचा विषयही निघालेला नसतो. म्हणून फोलिक ॲसिडची गोळी मूल हवे असे ठरताच, दिवस जाण्यापूर्वीच सुरू करावयाची असते. आरोग्यकेंद्रातील नोंदणी १२ आठवड्यांच्या आत, म्हणजे ३० ऑगस्टपूर्वी, झाली पाहिजे.

चौदा आठवडे पूर्ण होतात १३ सप्टेंबरला. तेथे दुसरी तिमाही सुरू होते. (काही पुस्तके पहिली तिमाही १२ आठवड्यांवरच संपवतात, त्याने गोंधळून जाऊ नये.) लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या या तिमाहीपासून सुरू होतात. बाळाच्या अवयवांची रचना पाहणारी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत, म्हणजे ११ ते २५ ऑक्टोबर या काळात करावी. पहिलटकरणीला बाळाची हालचालही बहुधा याच सुमारास जाणवू लागते. गर्भावस्थेतील मधुमेहाची तपासणी पहिल्या भेटीत होते आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करतात. ती २२ नोव्हेंबर ते २० डिसेंबर या काळात येईल.

२० डिसेंबरला २८ आठवडे भरतात आणि तिसरी तिमाही लागते. ७ डिसेंबरला सातवा महिना ‘लागलेला’ असतो. म्हणजे ही तिमाही सातव्याच्या साधारण मध्यावर सुरू होते. २१ फेब्रुवारीला ३७ आठवडे पूर्ण होतात. त्याआधीचे बाळ अपुऱ्या दिवसांचे. १४ मार्च ही संभाव्य तारीख. ती केवळ संभाव्यच. नेमक्या त्या दिवशी फार थोड्या प्रसूती होतात. परंतु २१ मार्च उलटला, तरी “होईल आपोआप” म्हणत घरी बसू नये.

मराठी महिने मोजताना

जुन्या जाणत्या स्त्रिया तिथीने मोजतात, त्यात गैर काही नाही. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. असे नऊ मास म्हणजे २६६ दिवस, आणि गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतचा सरासरी काळ तोच आहे. फक्त अधिक मासाचे भान हवे. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. चैत्रापासून केवळ महिन्यांची नावे मोजत गेल्यास अशा वर्षी पूर्ण एक महिना हिशोबातून गळतो. तेव्हा तिथी मनात ठेवावी. पण तारीख कागदावर लिहावी.

कोयत्यावर जाणारी भगिनी

आपल्या जिल्ह्यात या तारखेचे मोल सर्वांत अधिक कोणाला असेल, तर ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनीला. दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठ भागांतून कोयते निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर परततात. वरील उदाहरणातील स्त्री ऊसतोडीला जाणारी असेल, तर तिची संपूर्ण तिसरी तिमाही गावापासून दूर, फडात आणि खोपीत जाईल. तिची नोंद गावच्या आरोग्यकेंद्रात, ती मात्र परक्या मुलखात. अवेळी कळा आल्यावर तेथील डॉक्टरांचा पहिला प्रश्न असेल, “पाळी कधी आली होती?” बाळाच्या फुप्फुसांना बळ देणारे इंजेक्शन साधारणतः ३४ आठवड्यांपूर्वी होऊ घातलेल्या प्रसूतीत देतात, तारीख नसेल, तर हा निर्णय अंदाजावर घ्यावा लागतो. म्हणून ‘माता व बाल संरक्षण कार्ड’ पेटीत बंद न ठेवता सोबत न्यावे. दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील मातांसाठी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय केंद्रांत मोफत तपासणी देते. मूळ गाव कोणतेही असो, टोळीतील भगिनींना त्या दिवशी जवळच्या केंद्रात पोहोचविणे, हे सेवाकार्य आपणा सर्वांचे आहे.

तारीख आठवत नसेल तर

अंगावर पाजणाऱ्या मातेला पाळी पुन्हा सुरू होण्यापूर्वीच दिवस जाऊ शकतात. काहींची पाळी मुळातच अनियमित असते. अशा वेळी पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी हा आधार. त्या काळात गर्भाच्या लांबीवरून काढलेली तारीख सहसा पाच ते सात दिवसांहून अधिक चुकत नाही. तिसऱ्या तिमाहीत हीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून पहिल्या सोनोग्राफीचा कागद शेवटपर्यंत जपावा. आणि हेही स्पष्ट असू द्या : हे यंत्र गर्भाचे वय आणि आरोग्य पाहण्यासाठी आहे, मुलगा की मुलगी हे विचारण्यासाठी नाही. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. त्याआधी तो मातृत्वाचा अवमान आहे.

दोन समजुती

‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. चरकाने आठव्या महिन्यात ओज अस्थिर असल्याचे सांगितले, त्यात तिचे मूळ असावे. पण हा माता-बालकाला जपण्याचा इशारा मानावा. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाला बळ देतो. आठव्यातील बाळाला सातव्यातील बाळापेक्षा जगण्याची संधी अधिकच असते. त्याच्याविषयी आशा सोडणे, हा त्याच्यावरील अन्याय होय.

दुसरी गोष्ट सुशिक्षित घरांतील. शस्त्रक्रियेने प्रसूती करावयाचीच आहे, तर ती मुहूर्तावर करू, असा आग्रह वाढला आहे. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रिया केल्यास बाळाला श्वसनाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. त्यात मूळ तारखेतच दोन आठवड्यांची चूक असेल, तर ३८ आठवड्यांचे समजून काढलेले बाळ ३६ आठवड्यांचे निघते. दिवस पूर्ण भरणे, याहून मोठा शुभमुहूर्त कोणता?

आज घरी गेल्यावर भिंतीवरील दिनदर्शिकेसमोर उभे राहा. सण, एकादशी, दूधवाल्याचा हिशोब, गॅसचा नंबर, सारे तेथे असते. लेकीसुनांच्या पाळीच्या तारखेवर एक लहानशी खूण तेवढी नसते. ती खूण करण्यात लाज कसली? दिवस गेले, की त्या खुणेपासून चौदा, अठ्ठावीस, सदतीस आणि चाळीस आठवडे मोजून चार तारखांभोवती वर्तुळे करा. हे काम सासूने करावे, पतीने करावे. गर्भिणीवर एकटीवर सोडू नये. नव्या जिवाचे स्वागत बारशाला नव्हे, त्या पहिल्या खुणेपासून सुरू होते.