जुन्या गाडीचा नवा आवाज

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत कितीतरी घरांची ती पहिली गाडी ठरली. आजही एखाद्या सोसायटीच्या आवारात, कव्हराखाली, ती जपून ठेवलेली दिसते. इंजिन ठणठणीत असतं, पण गाणं लावलं की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा! मग घरातला तरुण मुलगा म्हणतो, "बाबा, मागे मोठे स्पीकर टाकू या." बाबा म्हणतात, "कशाला उगीच खर्च?" या दोघांनाही उपयोगी पडेल असं आज थोडं बोलू या.

मुळात मोठा स्पीकर हवा कशाला? तबल्याचा डग्गा, ढोलकीची घुमारेदार थाप हे खालच्या पट्टीतले आवाज. ते उमटायला पुष्कळ हवा हलवावी लागते. चार इंची गोल स्पीकरचा पडदा साधारण साडेबारा चौरस इंचांचा. बाजारात ज्याला 'सहा-नऊ' म्हणतात, त्या लंबगोल स्पीकरचा सुमारे बेचाळीस. म्हणजे तिपटीहून जास्त. डग्गा ऐकू येऊ लागतो तो या क्षेत्रफळामुळे.

पण इथे एक गंमत आहे. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो, तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या, की खालचे सूर विरून जातात. म्हणून दोहोंच्या मध्ये भक्कम भिंत हवी. मागच्या सीटपाठचा मूळ ट्रे हलका असतो. त्याला भोक पाडून जड स्पीकर टांगला, तर स्पीकरपेक्षा ट्रेच जास्त वाजतो. तेव्हा मूळ ट्रे कापू नका, माळ्यावर ठेवून द्या. त्याच मापाचा १२ ते १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा नवा ट्रे सुताराकडून करून घ्या. कडेच्या फटींना फोमची पट्टी लावा. डिकी हीच मग स्पीकरची पेटी होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्लाय आणि दोन स्पीकर मिळून चार-पाच किलो वजन सहज होतं. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना कशावर तरी आदळून थांबली, तर मागचा सुटा ट्रे त्याच वेगाने पुढे येणार. हा वेग किती? तिसऱ्या मजल्यावरून पडलेली वस्तू जमिनीवर आदळते, साधारण तितका. आणि त्याच्या वाटेत असतात मागे बसलेल्यांच्या माना. म्हणून ट्रे नुसता टेकवून चालत नाही. तो गाडीच्या पत्र्याला, लोखंडी पट्टीच्या आधाराने, वॉशर घातलेल्या नट-बोल्टने आवळलेला हवा. लाकडात पिळलेले स्क्रू पुरेसे नाहीत. असं पक्कं बसवणं जमत नसेल, तर मागच्या मोठ्या स्पीकरचा नाद सोडावा आणि दारात मावतील ते स्पीकर घ्यावेत. मात्र काच पूर्ण खाली करून आत किती खोली उरते, ते आधी मोजावं.

दुकानात डब्यावर '३०० वॉट' असं ठळक छापलेलं असतं. त्याला भुलू नका. इंजिन चालू असताना गाडीत जेमतेम साडेचौदा व्होल्ट मिळतात. वेगळा ॲम्प्लिफायर नसेल, तर चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात पंचवीस वॉटच्या वर काही पोचत नाही. बहुतेक वेळा पंधरा-वीसच. म्हणून वॉटपेक्षा संवेदनशीलतेचा आकडा विचारा. तो तीन डेसिबलने जास्त असेल, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते.

वायरिंगकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. काही जुन्या टेपमध्ये स्पीकरची एक तार गाडीच्या बॉडीला जोडलेली असे. आजच्या स्टिरिओला ही पद्धत चालत नाही. त्याची कुठलीही स्पीकरची तार बॉडीला टेकली, तर आतला भाग जळू शकतो. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र तारा ओढा. पत्र्याच्या भोकातून तार नेताना रबराचं बूच घाला, नाहीतर हादऱ्यांनी तिचं आवरण सोलवटतं. ॲम्प्लिफायर बसवलात, तर बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर बॅटरीजवळच फ्यूज हवा. तो नसेल आणि तार पत्र्याला घासली, तर गाडी पेटायला वेळ लागत नाही.

सगळं जोडल्यावर आवाज पोकळ वाटला, तर बहुधा एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे झालेले असतात. तपासणं सोपं आहे. तारा स्टिरिओपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. सेलचं प्लस टोक स्पीकरच्या प्लसला लावल्यावर दोन्ही पडदे बाहेरच्या बाजूला सरकले पाहिजेत.

शेवटी एक सांगतो. मागे बसणारी बहुधा घरातली मुलं आणि आजी-आजोबा असतात. स्पीकर त्यांच्या कानांपासून वीतभर अंतरावर, आणि आवाजाचं बटण मात्र पुढे बसलेल्याच्या हातात. कारखान्यातल्या मोठ्या माणसांसाठी ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं मानतात. त्यावर दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. लहान मुलांचे कान तर आणखी जपायला हवेत. म्हणून स्पीकर बसवून झाले, की एक दिवस गाडीच्या मालकाने स्वतः मागच्या सीटवर बसावं, आवडतं गाणं लावायला सांगावं आणि बटण कुठवर फिरवायचं ते तिथूनच ठरवावं.