पासवर्ड आणि विश्वास



आमच्या मराठी विभागाच्या संगणकावर आजीबाईंची ध्वनिमुद्रणे आहेत. ओव्या सांगता सांगता त्या घरातलेही बोलून गेल्या: सासुरवास, वाटण्या, न फिटलेली कर्जे. अनेक वर्षे त्या संगणकाला एकच पासवर्ड होता आणि तोही पडद्याच्या कडेला चिकटवलेला. मी प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड द्यावा म्हटले, तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी दुखावले. “म्हणजे मॅडम, आमच्यावर विश्वास नाही?”

विश्वास होता, आजही आहे. पण १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत काय घडले पाहा. सामायिक संगणकावर दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करीत होते. त्यांची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्यांपुढे रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड उमटू लागले. नियत कुणाचीच वाईट नव्हती. शिवाय आमच्याकडे विश्वास आम्ही एकमेकांवर टाकणार आणि गुपित फुटणार ते आजीचे, हा व्यवहार मला पटेना.

उलट, फार कुलपे घातली की लोक पेनड्राइव्हवर प्रती करून घरी नेतात, हेही पाहिले आहे. म्हणून ओव्या सर्वांना खुल्या ठेवल्या; खासगी बोलणे वेगळ्या फोल्डरमध्ये, मागणाऱ्याने कारण लिहून द्यायचे, उघडल्याची नोंद राहायची.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने अर्ज केला. कारणाच्या रकान्यात तिने लिहिले होते, ‘ही माझी आजी.’ आजी आता नाहीत. नातीला ऐकवायचे होते की नातीपासूनच लपवायचे होते, हे विचारायचे कुणाला? तो अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे.