पेंडीमिथॅलिन उगवणीआधीच का फवारायचं?

मृगाच्या सरी पडल्या, वापसा आला आणि सोयाबीनची पेरणी उरकली, की अकोला-अमरावतीकडच्या कृषी सेवा केंद्रांत पेंडीमिथॅलिनचे डबे खपू लागतात. पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, पीक आणि तण दोन्ही उगवायच्या आधी ते फवारायचं, हा सल्ला जुनाच. तरीही अनेक शेतकरी थांबतात. वावर अजून काळंभोर आहे, तणाचा पत्ता नाही, मग औषध मारायचं तरी कशावर? आठवड्याने तण दिसू लागलं की पंप पाठीवर चढतो आणि पैसा मातीत जातो.

श्रोतेहो, या ४८ तासांचं कारण कोवळ्या मुळाच्या टोकाशी आहे. तिथे पेशी सतत विभागत असतात, म्हणूनच मूळ खाली सरकतं. पेशी आधी वाढते, मग आपल्या सगळ्या गुणसूत्रांची नक्कल तयार करते आणि त्यानंतरच दुभंगते. बारावीची मुलं कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, ते हेच. कांद्याची १६ गुणसूत्रं जाड होतात, मधोमध ओळीने येतात, आणि प्रथिनांच्या अतिसूक्ष्म नळ्या प्रत्येकाची एकेक प्रत दोन टोकांकडे ओढून नेतात. मग मध्ये भिंत उभी राहते. एका पेशीच्या दोन झाल्या! जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये या विभाजनाला ‘मायटॉसिस’ हे नाव दिलं.

पेंडीमिथॅलिन नेमकं या नळ्यांवर घाव घालतं. नळ्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या बनतात. औषध त्यालाच चिकटतं, त्यामुळे नळी जुळतच नाही. गुणसूत्रांच्या प्रती तयार असतात, पण त्यांना वेगळं करणारं कोणी नसतं. पेशी तिथेच अडकते. मुळाचं टोक फुगतं, आडवी मुळं फुटत नाहीत आणि रोप बहुधा जमिनीवर येण्याआधीच संपतं. मेळघाटात दिसणाऱ्या कळलावीतलं कोल्चिसिनही असंच विभाजन रोखतं. माणसाला ते घातक विष आहे, म्हणून तिच्या कंदापासून मुलांना लांब ठेवावं.

उगवून वाढलेल्या तणाचं गणित वेगळं असतं. त्याच्या पानांतल्या बहुतेक पेशींनी विभागणं थांबवलेलं असतं. पेशी विभागणं सोडूनही किती काम करते, हे वऱ्हाडाने पऱ्हाटीत रोज पाहिलं आहे. सरकीवरचा प्रत्येक धागा म्हणजे एकच पेशी. फूल उमलतं त्या दिवसाच्या आसपास ती वाढू लागते आणि न विभागता लांबत जाते, चांगल्या वाणात तर २८-३० मिलिमीटरपर्यंत. जिथे विभाजनच नाही, तिथे विभाजन रोखणारं औषध काय करणार?

मग सोयाबीन कसं वाचतं? हे औषध मातीला घट्ट धरून वरच्या थरातच राहतं. बी ३ ते ५ सेंटिमीटर खोल पडलं, तर त्याची मुळं त्या थराखाली वाढतात. बी उथळ पडलं, तर पिकालाही इजा होते. म्हणून पेरणीची खोली सांभाळणं फवारणीइतकंच महत्त्वाचं. जमीन ओलसर हवी, कारण कोरड्या मातीत औषध नीट काम करत नाही. पाणी हेक्टरी ५०० लिटरच्या आसपास घ्यावं, फ्लॅट फॅन नोझल लावावा आणि मागे सरकत फवारावं, म्हणजे फवारलेला थर पायांनी मोडत नाही. मात्रा डब्यावरच्या लेबलप्रमाणेच, हातमोजे आणि मास्क लावूनच. शंका असेल तर घातखेड किंवा दुर्गापूर-बडनेऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र, नाहीतर अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ गाठावं.

लव्हाळा, हराळी, कुंदा यांच्यासाठी मात्र यावर भिस्त ठेवू नये. ही तणं जमिनीतल्या गाठी-काशांतल्या साठ्यावर पुन्हा फुटतात. आणि उगवणीआधीची वेळ हुकलीच, तर पेंडीमिथॅलिनचा डबा विकत घेऊ नये. वेळेवर डवरणी आणि निंदण करावं, किंवा त्या पिकाला चालणारं उगवणीनंतरचं तणनाशक तण दोन-चार पानांवर असतानाच वापरावं. सोयाबीनला पहिले ३० ते ४५ दिवस तणमुक्त मिळायला हवेत.